बाजारांतला रस्ता
हिंगोली जिल्ह्यांतील जवळा बाजार या गांवाच्या नांवांतच बाजार आहे. अशा गांवीं रस्ता म्हणजे केवळ जाण्यायेण्याची वाट नव्हे. भाजी मांडण्याची, उभ्याउभ्या बोलण्याची ती जागा असते. तेथून मोटारीनें कोणत्या वेगानें जावें, हा वाद जुनाच. १८६५ सालीं विलायतेंत कायदा झाला कीं, यांत्रिक गाडीनें गांवांत ताशीं २ मैलांहून अधिक धांवूं नये व तिच्यापुढें तांबडें निशाण घेऊन एक मनुष्य चालावा! या निशाणवाल्यास आपण हंसतों खरे. पण १९३० सालीं तेथें मोटारींची मर्यादाच उठविली, आणि मृत्यूंचे आंकडे पाहून १९३५ त वस्तीपुरती ताशीं ३० मैलांची पुन्हां घालावी लागली.

आपल्याकडे पूर्वीं १९३९ चा कायदा होता, आतां १९८८ चा आहे. परंतु पाटीवरील आंकडा हांकणाऱ्याचा पाय आवरीत नाहीं. आवरतो तो गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालीं त्याचें मान दिलें: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. गांवोगांव दिसतात ते मात्र अपघातानंतर घाईनें घातलेले ओबडधोबड उंचवटे. त्यांवरून जातांना दवाखान्यांत निघालेल्या बाळंतिणीचे काय हाल होत असतील!

वेग ताशीं ५० किलोमीटरांवरून ३० वर आला कीं धडकेंतील ऊर्जा तृतीयांशाच्या जवळपास येते. अर्ध्या किलोमीटरच्या पेठेंत मोटारवाल्याचीं यांत २४ सेकंदें जातात.