आराखडा आणि यादी

मी इंजिनीयर नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत शिरलो आणि मुलांना इतिहास शिकविता शिकविता तेथूनच निवृत्त झालो. तरीही आज कारखानदारीच्या इतिहासातील एका प्रकरणाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण माझीच एक जुनी फजिती.

आमच्या शाळेस एकदा साठ बाक करवून घ्यावयाचे होते. चित्रकलेच्या मास्तरांनी आराखडा काढला, सुतारमिस्त्रीने त्यावरून लाकडाची यादी केली, आणि ती यादी मी वखारीत पोचविली. पुढे मुख्याध्यापकांच्या मनात आले, की बाक दोन इंच उंच असावेत. आराखड्यात तशी दुरुस्ती झाली. वखारीतल्या यादीत ती कोणीच केली नाही. दोनशे चाळीस पाय जुन्याच मापाने कापून आले. नवे लाकूड घ्यावे लागले आणि त्या वर्षी ग्रंथालयाची पुस्तके राहिली. आराखडा बरोबर होता, यादीही ज्या दिवशी लिहिली त्या दिवशी बरोबरच होती. राहिला होता तो दोहोंमधील निरोप, आणि तो पोचविणे माझ्याकडे होते.

हाच निरोप जगातील मोठमोठ्या कारखान्यांनाही कसा छळीत आला, ते आता पाहू.

संगणकावर आराखडा काढण्याच्या विद्येचा एक आरंभ 1963 सालचा मानतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत इव्हान सदरलँड या विद्यार्थ्याने ‘स्केचपॅड’ नावाची रचना सिद्ध केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढावी, आणि मूळ आकृतीत फरक केला की तिच्या सर्व प्रतींत तो आपोआप उतरावा, अशी तिची किमया होती. दुसरी विद्या हिशेबाची. हत्यारे बनविणाऱ्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1964 साली संगणकावर मालाच्या गरजेचे गणित मांडले. या पद्धतीचे आद्य प्रवर्तक जोसेफ ऑर्लिकी यांनी 1975 साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. तत्त्व अगदी साधे आहे. दहा बैलगाड्यांची मागणी आली, तर चाके किती लागतील याचा अंदाज बांधीत बसू नये. ती वीसच लागणार. कोठारात सहा असतील तर चौदा करावयाची, आणि चाक करण्यास आठ दिवस लागत असतील तर आठ दिवस आधी आरंभ करावयाचा. याच बीजाचा पुढे विस्तार होऊन खरेदी, कोठार, मजुरी आणि जमाखर्च या सर्वांना कवेत घेणाऱ्या नियोजनपद्धती निघाल्या. 1990 च्या सुमारास त्यांना ‘ईआरपी’ हे नाव पडले.

या दोन्ही विद्या जवळजवळ एकाच वेळी जन्मल्या. परंतु पुष्कळ वर्षे त्यांची परस्परांशी ओळख नव्हती. आराखडा काढणारा आकाराचा आणि बळकटीचा विचार करी. हिशेब ठेवणारा संख्येचा, किमतीचा आणि तारखेचा. मध्ये एक कारकून बसे. तो आराखडा वाचून त्यातील भागांची यादी दुसऱ्या संगणकात पुन्हा हाताने भरी. एकाच नमुन्याच्या लाखो वस्तू काढणाऱ्या कारखान्यात हे खपून जाई, कारण तेथे यादी एकदाच करावयाची असते. परंतु जेथे प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकाच्या फर्मायशीप्रमाणे घडते, तेथे प्रत्येक मागणीबरोबर नवी यादी जन्मते, आणि काम निम्मे झाल्यावरही ती बदलत राहते.

प्रवासी विमान हे अशा फर्मायशी वस्तूचे उत्तम उदाहरण आहे. आसने किती, स्वयंपाकघर कोठे, कोणती यंत्रे हवीत, हे ज्या त्या विमान कंपनीच्या पसंतीने ठरते. अमेरिकेच्या बोइंग कंपनीने आपले 777 हे विमान फ्रेंच बनावटीच्या ‘कॅटिया’ या आज्ञावलीच्या साहाय्याने संपूर्णपणे संगणकावर रेखिले. खात्री पटावी म्हणून नाकाडाचा एक प्रत्यक्ष सांगाडा करून पाहिला. तो इतका तंतोतंत जुळला, की पुढचे सांगाडे करण्याचे रद्द झाले. 12 जून 1994 रोजी हे विमान प्रथम आकाशात उडाले.

आराखडा असा नव्या युगात आला. भागांच्या याद्यांचा कारभार मात्र मागेच राहिला. कोणता भाग कोणत्या विमानासाठी, याची नोंद ठेवण्याची बोइंगची रीत दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमानांच्या काळापासून चालत आली होती. एकसारखी विमाने काढण्यास ती ठीक होती. फर्मायशी वाढल्या तसा तिचा गुंता झाला. हे ओळखून 1994 साली कंपनीने सर्व माहिती एकाच ठिकाणी आणण्याचे मोठे काम हाती घेतले. ते पुरे होण्यापूर्वीच मागणीचा पूर आला. सुटे भाग वेळेवर येईनात, नवे कामगार अननुभवी, आणि जुन्या नोंदींवर नको इतका ताण. ऑक्टोबर 1997 मध्ये 737 आणि 747 या विमानांची जुळणी सुमारे महिनाभर थांबवावी लागली. त्या वर्षी बोइंगला तोटा आला. असा प्रसंग पन्नास वर्षांत प्रथमच आला होता.

बोइंगने योजिलेला उपाय ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विमानाच्या भागांचे तीन वर्ग करण्यात आले. पहिला, प्रत्येक विमानात कायम असणारे भाग; दुसरा, पूर्वीच आखलेले आणि निवडून घेण्याजोगे भाग; तिसरा, एखाद्याच गिऱ्हाइकासाठी नव्याने आखावयाचे भाग. इंजिनीयराची बुद्धी खर्ची पडावी ती मुख्यतः या तिसऱ्या वर्गावर. पूर्वीच्या दोन वर्गांचा आराखडा पुन्हा उकरावयाचा नाही आणि यादीही पुन्हा लिहावयाची नाही.

कोणी म्हणेल, आराखड्यातील यादी तशीच उचलून हिशेबात घातली की झाले! तसे होत नाही. आखणारा माणूस पाण्याचे सारे नळ एकत्र मांडतो, कारण त्याच्या दृष्टीने ती एक व्यवस्था आहे. जुळणी करणाऱ्यास मात्र यातील काही नळ सोमवारी पंखाबरोबर हवेत, तर काही शुक्रवारी शेपटीबरोबर. शिवाय रंग, वंगण, गोंद यांची आखणाऱ्यास बहुधा आठवणही नसते. म्हणून दोन याद्या राहणारच. एकीतील बदल दुसरीत कसा उतरावयाचा, हे दोन्ही कामे जाणणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे लागते.

युरोपातील एअरबस कंपनीस हा धडा फार महाग पडला. तिच्या ए380 या प्रचंड विमानात सुमारे 530 किलोमीटर लांबीच्या तारा होत्या, आणि त्यांची मांडणी गिऱ्हाइकागणिक बदले. जर्मनीत ‘कॅटिया’ची जुनी आवृत्ती वापरात होती, फ्रान्समध्ये नवी. एकीकडील बदल दुसरीकडे नीट पोचेनात. जर्मनीत तयार झालेले तारांचे जुडगे फ्रान्समध्ये विमानात बसवू गेले, तो तारा आखूड! बाकाच्या पायांचीच कथा ही. पहिले विमान गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यास 15 ऑक्टोबर 2007 उजाडला, सुमारे दीड वर्षाच्या विलंबाने. दरम्यान कंपनीचे प्रमुख पायउतार झाले होते, आणि फेब्रुवारी 2007 मध्ये चार देशांतून दहा हजार जागा कमी करण्याची योजना जाहीर झाली होती. त्या योजनेस इतरही कारणे होती; परंतु आखूड तारांचा त्यात मोठा वाटा होता. निरोप चुकला म्हणजे तोटा केवळ मालकाच्या वहीत राहत नाही. तो घराघरांत शिरतो.

आज आराखडा आणि हिशेब जोडणाऱ्या आज्ञावली लहान कारखान्यांतही आल्या आहेत. पडद्यावर कपाटाची उंची वाढविली की फळ्यांची यादी बदलते आणि किंमतही बदलते. हे निःसंशय उपकारक आहे. तथापि यंत्र फक्त निरोप नेते. बदल मंजूर करण्याचा अधिकार कोणाचा, तो कितव्या नगापासून लागू, आणि जुन्या मापाने कापून ठेवलेल्या मालाचे काय करावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे माणसांनीच आधी ठरवावी लागतात. ती ठरलेली नसतील, तर यंत्र चुकीचा निरोपही तितक्याच वेगाने पोचवील.

आमच्या शाळेत यातला एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते आखूड पाय पुष्कळ वर्षे जिन्याखाली पडून होते. वर्गावर जाता-येता माझी नजर त्यांच्याकडे जाई, आणि न आलेल्या पुस्तकांची आठवण होई.