तेल खाणारा जीवाणू

खनिज तेल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. ते खाणारे जीवाणू निसर्गात आहेत, पण एक जीवाणू त्यातले मोजकेच घटक पचवतो. स्यूडोमोनास जीवाणूंमध्ये ही क्षमता देणारी जनुके पुष्कळदा प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे आनंद मोहन चक्रवर्ती यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी अशी चार प्लास्मिडे एकाच जीवाणूत आणली. त्यांपैकी दोन एका पेशीत टिकत नसत. ती त्यांनी अतिनील किरणांच्या साहाय्याने एकमेकांना जोडली.

१९७२ साली पेटंटसाठी अर्ज केला गेला. सजीवाला पेटंट देता येत नाही, असे पेटंट कार्यालयाचे म्हणणे पडले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. जैवतंत्रज्ञान उद्योगाला त्यामुळे मोठी चालना मिळाली.

मग या जीवाणूने समुद्र स्वच्छ केला का? नाही. तो कधीच समुद्रात सोडला गेला नाही. १९८९ साली 'एक्झॉन व्हाल्डेझ' जहाजातील तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले, तेव्हा तिथे नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त खते टाकण्यात आली. किनाऱ्यावरचे मूळचे जीवाणू त्यावर वाढले आणि तेलाचे विघटन वेगाने होऊ लागले. तेथे तेल खाणाऱ्यांची वाण नव्हती. कमतरता होती ती त्यांच्या पोषकद्रव्यांची.

प्रदूषणावर नवा जीव घडवण्याआधी तिथल्या जुन्या जिवांचे काय अडले आहे, हे विचारायला हवे.