आदिलाबादचे वणवे आणि वीज

पैनगंगेच्या दक्षिणेला बोथ, इच्चोडा, उटनूर या डोंगराळ भागात सागाचे पानझडी जंगल आहे. २०१२ साली घोषित झालेला कवाल व्याघ्र प्रकल्प जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या याच जंगलपट्ट्यात येतो. फेब्रुवारी ते मे या काळात येथे वणवे लागतात.

वीज पडून वणवा लागतो का?

कॅनडा, सायबेरिया, ऑस्ट्रेलिया येथील दुर्गम जंगलांत असे होते. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात जवळजवळ पावसाविना कडाडलेल्या विजांनी शेकडो वणवे पेटले. पावसाचे थेंब जमिनीवर पोचण्याआधीच आटले, की अशी 'कोरडी वीज' धोक्याची ठरते. आपल्याकडे पाचोळा सर्वात वाळलेला असतो तेव्हा विजा कमी असतात. एप्रिल-मे महिन्यांत वळवासोबत विजा येतात, पण बहुधा पाऊसही येतो. एखादे वाळलेले झाड पेटले तरी आग सहसा पसरत नाही.

मग आग कशी लागते?

बहुतेक वणवे माणसामुळे लागतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी यावी, गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणूनही आग लावतात. विडीचे थोटूक किंवा बांधावरचा पेटवलेला कचराही पुरतो. जाड सालीचा मोठा साग तगतो. रोपे, बिया आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी मात्र वाचत नाहीत.

काय करावे?

मोहाखाली पाचोळा झाडून जुनी साडी किंवा जाळी अंथरावी. उन्हाळ्यापूर्वी वनखाते जाळरेषा काढते. त्यांत पाचोळा साचू देऊ नये. राखीव जंगलात आग लावणे तेलंगण वन कायदा, १९६७ नुसार गुन्हा आहे. धूर दिसताच जवळच्या वन कर्मचाऱ्यास कळवावे.

विजेचा खरा धोका

जंगलापेक्षा शेतातल्या माणसाला विजेचे भय जास्त आहे. जून २०२५ मध्ये जिल्ह्यात एकाच दिवशी वीज पडून सहा जण दगावले. पेरणीचे दिवस होते. गडगडाट ऐकू येताच काम थांबवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली किंवा शेतातल्या उघड्या खोपटात थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. घरातल्या एका तरी मोबाईलवर ते असावे आणि शेतावर गेलेल्यांना वेळीच फोन करावा.