मलायातील ‘युनिफॉर्म सिस्टीम’ : शाश्वत वृक्षतोडीचा एक अपुरा प्रयोग

प्रास्ताविक : उष्णकटिबंधीय वर्षावनातून लाकूड काढूनही वन टिकविता येते काय, हा वनशास्त्रातील जुना प्रश्न आहे. या दृष्टीने ‘मलायन युनिफॉर्म सिस्टीम’चा इतिहास विचारात घेण्याजोगा आहे.

स्वरूप : जपानी अमलात (१९४१-४५) मलायाच्या सखल वनांत बेसुमार तोड झाली. तथापि आधीच रुजलेली मेरांटीसारख्या वृक्षांची रोपे उजेड मिळताच जोमाने वाढल्याचे वनाधिकाऱ्यांना आढळले. या निरीक्षणाच्या आधारे १९४८ मध्ये ही पद्धती रूढ झाली. रोपे पुरेशी असल्याची खात्री करून ४५ सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे विक्रीयोग्य वृक्ष एकाच वेळी तोडावयाचे, निरुपयोगी मानलेले वृक्ष विष घालून मारावयाचे आणि पुढील तोडीसाठी सुमारे ७० वर्षे थांबावयाचे, असे तिचे सूत्र होते.

परिणती : १९५६ मध्ये भूमिहीनांच्या वसाहतींसाठी ‘फेल्डा’ ही शासकीय संस्था स्थापन झाली. पुढील काळात सखल वनांचा मोठा भाग रबर व तेलताडाच्या लागवडीखाली गेला आणि तोड डोंगराळ भागाकडे सरकली. तेथे रोपे विरळ व विषम असल्याने ही पद्धती लागू पडेना. १९७८ मध्ये सुमारे ३० वर्षांच्या आवर्तनाची निवडक तोडीची पद्धती आली.

निष्कर्ष : जैवविविधतेच्या दृष्टीने ही पद्धती सदोष होतीच. परंतु सखल प्रदेशात ती फसली, असे म्हणता येत नाही. ७० वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या पद्धतीला त्याच्या निम्माही काळ मिळाला नाही. तोडीचे नियम वनशास्त्र ठरवू शकते. जमीन तितका काळ वनाखाली राखणे हा मात्र राजकीय निर्णय असतो.