खोलीतला मायक्रोफोन कोणाचा?

ऑक्टोबर १९९३. अमेरिकेतील ‘सर्ट’ या संगणक-सुरक्षा केंद्राने इशारा प्रसिद्ध केला: सन कंपनीच्या वर्कस्टेशनला मायक्रोफोन जोडलेला असेल, तर त्या यंत्रावर खाते असलेला कोणीही त्या खोलीतील संभाषण चोरून ऐकू शकतो.

यात कुलूप फोडण्याचा प्रश्नच नव्हता. युनिक्समध्ये उपकरण म्हणजे एक फाइल. मायक्रोफोनची फाइल ‘/डेव्ह/ऑडिओ’, आणि ती वाचण्याची मुभा सर्वांना होती. दूरवरून लॉगिन केलेल्यालाही!

उपाय जुन्या रीतीतच सापडला. लॉगिन होताच टर्मिनलची मालकी त्या माणसाच्या नावे करण्याची पद्धत युनिक्समध्ये आधीपासूनच होती. सनओएस ४ मधील ‘एफबीटॅब’ (नाव पडद्याच्या फ्रेमबफरवरून, काम मात्र मायक्रोफोनचेही) आणि सोलारिसमधील ‘लॉगिनडेव्हपर्म’ या फाइलींत उपकरणांची यादी असे. कन्सोलवर लॉगिन करणाऱ्याकडे त्या उपकरणांची मालकी जाई.

तरीही एक फट उरली, आणि माझ्या मते खरा पेच तोच. युनिक्स परवानगी तपासते ती फाइल उघडताना. आधीच्या माणसाने मायक्रोफोन उघडून एखादा प्रोग्राम मागे चालू ठेवला असेल, तर मालक बदलूनही त्याचे ऐकणे थांबत नाही. कुलूप बदलले, पण चोर आधीच घरात!

बीएसडीच्या ४.३ रेनो आवृत्तीत, १९९० सालीच, यावर ‘रिव्होक’ हा सिस्टिम कॉल आला होता. एखादी फाइल ज्यांनी ज्यांनी उघडली असेल, त्या सर्वांच्या हातून तो ती काढून घेई. लिनक्समध्ये असा सर्व फाइलींना लागू होणारा कॉल नाही. तेथे ‘सिस्टिमडी-लॉगिनडी’ वापरकर्ता बदलताच परवानगी बदलतो. आधीच उघडलेला मायक्रोफोन मात्र उघडाच राहतो.