संघाचे नाव आणि प्रेक्षकाची टाळी : मुसलमान क्रिकेट-रसिकाच्या निष्ठेविषयी एक टिपण

क्रिकेटच्या धावफलकावर दोन नावे लिहावी लागतात, एवढ्यापुरतीच संघाच्या नावाची गरज आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः प्रेक्षकाच्या टाळीचा अर्थ त्या नावावरून ठरत असतो. एकच मनुष्य, एकाच फलंदाजाच्या त्याच फटक्यास टाळी देतो. परंतु फलकावर ‘मुसलमान’ असे नाव असेल तर त्या टाळीचा एक अर्थ होतो, ‘होळकर’ असेल तर दुसरा, आणि ‘विदर्भ’ असेल तर तिसरा. नागपुरातील मोमीनपुऱ्यात क्रिकेटच्या नादाने वाढलेल्या मुसलमान तरुणाला आपल्या आवडीविषयी जे प्रश्न आज विचारले जातात, किंवा तो स्वतःच स्वतःला विचारतो, त्यांची मुळे या नावांच्या इतिहासात बरीच खोलवर गेलेली आढळतात.

या इतिहासाचा आरंभ मुंबईत झाला. गव्हर्नर हॅरिस यांच्या कारकीर्दीत, १८९२ साली, युरोपियन विरुद्ध पारशी असा प्रेसिडेन्सी सामना सुरू झाला. १९०७ मध्ये त्यात हिंदूंचा संघ आला, १९१२ मध्ये मुसलमानांचा आला, आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ उभा राहिला. इंग्रजीत या स्पर्धांची नावे कोनांच्या संख्येवरून पडली. मराठीने मात्र कोन न मोजता रंग मोजले आणि तिरंगी, चौरंगी, पंचरंगी असे शब्द प्रचारात आणले. हे केवळ भाषांतर नव्हे. प्रत्येक जमात हा एक स्वतंत्र, न मिसळणारा रंग होय, ही त्या काळची समजूत या शब्दांत सहजपणे उतरली आहे. विनोदाची गोष्ट ही की, ज्या संस्थांनी हे रंग वेगळे राखले त्यांचे ‘जिमखाना’ हे नाव स्वतःच संकरातून जन्मले आहे. ‘गेंदखाना’ या शब्दावर इंग्रजी ‘जिम्नॅस्टिक’ची छाया पडून तो तयार झाला, असे बहुतेक कोशकार मानतात.

जमातीचे नाव धारण करणारा संघ आतून एकजीव असतोच असे नाही. पळवणकर बाळू हा त्या काळचा श्रेष्ठ डावखुरा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तथापि अस्पृश्य जातीत जन्मल्यामुळे हिंदू संघाचे नेतृत्व त्याला कधीच मिळाले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळाले आणि त्या वर्षी हिंदू संघ विजयी झाला. विठ्ठलने पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले (१९४८). ‘इतर’ या संघाची कथा तर आणखीच बोलकी आहे. सांगलीचा विजय हजारे हा मराठी ख्रिस्ती, म्हणून त्याची गणना ‘इतरां’त झाली. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंटने नाबाद २५० धावा केल्यावर, इतरांच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेने काढल्या. ज्याच्या संघाला धड नावही नव्हते, केवळ उरलेल्यांचे संबोधन होते, त्याने डावाच्या जवळजवळ ऐंशी टक्के धावा कराव्यात, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

नागपूर या प्रथेपासून अलिप्त राहिले नाही. मुंबईच्या धर्तीवर लाहोर, कराची येथे जशा जमातवार स्पर्धा निघाल्या तशा मध्यप्रांताच्या या राजधानीतही निघाल्या. त्याच काळात, १९२३ व १९२७ साली, शहराने हिंदू-मुसलमानांचे दंगेही पाहिले. मिरवणुकीतील वाद्यांवरून ज्या मोहल्ल्यांत तेढ माजत होती, त्यांच मोहल्ल्यांतील मुले मैदानावर जमातीच्या नावाने उतरत होती. म्हणून मैदानाने तेढ वाढविली असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. याच नागपुरात ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी जन्मलेला कोट्टारी कनकय्या नायडू १९१६ मध्ये हिंदूंच्या बाजूने चौरंगी सामन्यात प्रथम उतरला. १९२६ च्या डिसेंबरात एम. सी. सी. विरुद्ध हिंदूंच्या वतीने खेळताना ११ षटकारांसह त्याने १५३ धावा केल्या. परंतु १९२३ पासून तो इंदूरच्या होळकरांच्या आश्रयास होता, आणि तेथे त्याच्या हाताखाली जो पोरगा फलंदाज म्हणून घडला त्याचे नाव सय्यद मुश्ताक अली. मुंबईच्या मैदानावर हे दोघे निरनिराळ्या ‘रंगां’चे आणि होळकरांच्या संघात एका रंगाचे. १९३२ साली लॉर्ड्सवर नायडूच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा इंग्लंडच्या होम्स व सट्क्लिफ या सलामीच्या जोडीचे त्रिफळे महंमद निसारने उडविले. १९३६ मध्ये मँचेस्टरला मर्चंट व मुश्ताक यांनी पहिल्या गड्यासाठी २०३ धावांची भागीदारी केली. नावे बदलली की त्याच माणसांचे परस्परसंबंध बदलतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावयास नको.

जमातवार क्रिकेटवरील सर्वांत वजनदार आक्षेप नागपूरपासून थोड्याच अंतरावरून आला. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ गांधीजींच्या भेटीस वर्ध्याला गेले. शाळा-शाळांत, संस्था-संस्थांत सामने होतात हे आपण समजू शकतो. हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी हे आपल्याला कधी उमगलेले नाही, असा त्यांच्या अभिप्रायाचा आशय होता. जिमखान्याने त्या वर्षी काठावरच्या मताधिक्याने माघार घेतली. या बाजूने सातत्याने लिहिणारे वृत्तपत्र ‘बॉम्बे क्रॉनिकल’, आणि त्याचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी हे मुसलमान होते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. जमातीच्या नावाचा संघ नको असे म्हणणारा मुसलमान त्या काळी नव्हता, असे समजणे चुकीचे ठरेल.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी २०३ व ३१५, मुसलमानांनी पहिल्या डावात २२१ धावा केल्या. विजयासाठी २९८ धावा हव्या होत्या. के. सी. इब्राहिम सलामीस येऊन १३७ धावांवर अखेरपर्यंत नाबाद राहिला आणि मुसलमान एका गड्याने जिंकले. गांधी-जिना बोलणी फिसकटून जेमतेम काही आठवडे झाले होते. त्या दिवशी ब्रेबोर्न स्टेडियमवर ज्या मुसलमान तरुणाने टोपी हवेत उडविली असेल, त्याच्या हर्षात पाकिस्तानची मागणी किती आणि एका गड्याने जिंकलेल्या सामन्याचा निखळ थरार किती, हे वजन करून सांगणारा तराजू कोणाजवळही नाही. त्याच्या संघाला ते नाव त्याने दिले नव्हते. परंतु त्या नावाने त्याचा आनंद आपोआप एका राजकीय पक्षात जमा केला. १९४५-४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा बंद पडली.

फाळणीनंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. १९४६ मध्ये अब्दुल हफीज या नावाने हिंदुस्थानकडून इंग्लंडमध्ये खेळलेला खेळाडू १९५२ मध्ये अब्दुल हफीज कारदार म्हणून पाकिस्तानचा कर्णधार होऊन भारतात आला. मुश्ताक अली इंदुरातच राहिला. धर्मनामाचा संघ गेला, पण ते नाव जणू सीमेपलीकडच्या संघाला चिकटले, आणि येथील मुसलमान प्रेक्षकाची टाळी तपासणीचा विषय झाली. पूर्वी त्याने ‘आपल्या’ जमातीच्या संघास उत्तेजन देणे हे रीतसर मानले जाई. आता त्याने कोणासही दिलेल्या उत्तेजनाचा पुरावा मागितला जाऊ लागला. पाकिस्तानी गोलंदाजाचा एखादा चेंडू सुंदर पडला, तर तो सुंदर होता असे म्हणण्याचे स्वातंत्र्य शेजारच्या हिंदू मुलाला असते. मुसलमान मुलाला ते म्हणताना आजूबाजूस पाहावे लागते. १९९१ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानी संघ येऊ नये म्हणून शिवसैनिकांनी वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी उखडली. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीच्या कोटला मैदानावर तेच घडले. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी मद्रासच्या चेपॉक मैदानावर भारत १२ धावांनी हरला, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी उभे राहून विजयी पाकिस्तानी खेळाडूंना टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांचा पुरावा कोणी मागितला नाही.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. ‘अतिरेक’ म्हणजे मर्यादेबाहेर जाणे. त्यावरून ‘अतिरेकी’ हे विशेषण जुन्या मराठीत आहार, विरक्ती, स्तुती अशा कशासही लागत असे. गेल्या चार-पाच दशकांत वृत्तपत्रांच्या मराठीत ते शस्त्रधारी मनुष्याचे नाम बनले. अर्थसंकोचाचे हे नेहमीचे उदाहरण खरे, पण त्याची एक किंमत मोजावी लागली. मैदान उखडणारा, प्रेक्षकाची निष्ठा मोजणारा, किंवा खेळ पाहणेच धर्मबाह्य ठरविणारा मनुष्य, या सर्वांस लावता येईल असा सौम्य शब्द भाषेत उरला नाही. बंदूक हाती येईपर्यंतचा सारा प्रवास अनाम राहिला.

बंदुकीचा अध्यायही याच इतिहासात येतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, त्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांची प्रेते मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात पुरू देण्यास तेथील मुसलमान विश्वस्तांनी नकार दिला. असे कृत्य करणाऱ्यांना इस्लामचे अनुयायी म्हणता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. प्रेते वर्षाहून अधिक काळ तशीच राहिली. ज्या किनाऱ्यावर जमातींचे जिमखाने रांगेने उभे आहेत, त्यापासून हे कबरस्तान फार दूर नाही. भारतातून परतलेला इंग्लंडचा संघ काही दिवसांत पुन्हा आला आणि चेन्नईची कसोटी खेळला. सचिन तेंडुलकरचे त्या वेळचे शतक सर्वांच्या स्मरणात आहे. श्रीरामपूरचा झहीर खान त्याच संघात होता, हे मुद्दाम सांगावे लागत नाही आणि तेच योग्य. पुढच्या ३ मार्चला लाहोरमध्ये श्रीलंकेच्या संघाच्या बसवर गोळीबार झाला. खेळाडूंचे रक्षण करताना पोलीस मेले. क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या मुसलमानाला या दोन घटनांनंतर आपले मत नव्याने बनवावे लागले असे नाही. ते त्याचे होतेच. इतरांना ते ऐकू आले एवढेच.

नागपूरच्या दृष्टीने अलीकडचे पर्व विशेष महत्त्वाचे आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळत होता आणि सहा दशके त्याची कोणी फारशी दखल घेत नव्हते. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, म्हणजे नायडू व मुश्ताक यांच्या गावी, दिल्लीस हरवून त्याने प्रथमच रणजी करंडक जिंकला. कर्णधार नागपूरचा फैज फजल. त्या हंगामात त्याच्या ९१२ धावा झाल्या. विजयाचा फटका मारला मुंबईहून विदर्भात आलेल्या वासिम जाफरने. पुढच्या वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून संघाने करंडक राखला. चाळिशीतल्या जाफरने त्या मोसमात हजारावर धावा केल्या. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान आत्मघातकी हल्ल्यात मारले गेले, तेव्हा नागपुरात इराणी करंडकाचा सामना चालू होता. दोन दिवसांनी विदर्भाने तो करंडक जिंकला आणि फैज फजलने विजेत्यांच्या बक्षिसाची रक्कम त्या जवानांच्या कुटुंबांना देण्याचे जाहीर केले. कर्णधार या नात्याने, संघाच्या वतीने केलेली ही घोषणा होती. तिला मुसलमानाने दिलेला निष्ठेचा दाखला समजणे म्हणजे तिचा अपमान होय.

असा दाखला मागणारे मात्र थांबत नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीत जाफरने संघनिवडीतील हस्तक्षेपाचे कारण देऊन उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्याने संघात धर्म आणल्याचा आरोप झाला. आरोपांतील एक मुद्दा घोषणेचा होता. त्याने तो स्पष्टपणे नाकारला. आपला संघ कोणा एका जमातीचा नाही, तेव्हा विदर्भात होते त्याप्रमाणे प्रांताच्या नावाची घोषणा असावी, एवढेच आपण सुचविले, असे त्याने सांगितले. अनिल कुंबळे याने त्याची जाहीरपणे पाठराखण केली. १९४० मध्ये वर्ध्याला जे सांगितले गेले तेच, त्याच प्रदेशाच्या संघात खेळलेल्या एका मुसलमानाने आठ दशकांनी सांगितले, आणि त्यावरूनच त्याला जमातवादी म्हटले गेले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरला आणि सामाजिक माध्यमांतून शिव्यांचा भडिमार महंमद शमीवर झाला. कर्णधार विराट कोहलीने धर्मावरून माणसावर हल्ला करणे ही अत्यंत हीन गोष्ट आहे अशा अर्थाचे उद्गार काढले. कर्णधाराने असे बोलणे हा जुन्या काळापेक्षा निश्चित फरक आहे. बोलावे लागणे हा मात्र फरक नव्हे.

२ मार्च २०२५ रोजी विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक मिळविला. सामनावीर ठरलेल्या, १५३ धावा करणाऱ्या तरुणाचे नाव दानिश मालेवार. ‘दानिश’ हा शुद्ध फारसी शब्द, अर्थ ज्ञान. ‘वार’ प्रत्ययान्त आडनावे विदर्भात गावोगावी आढळतात. नावावरून माणसाची जमात ठरवू पाहणाऱ्याला या नावापाशी थबकावे लागते. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १७ मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून महाल भागात दंगल उसळली आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली.