कृष्णाकाठचा प्रवास आणि त्याची शिदोरी

कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, वाईवरून माहुलीला येऊन वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि औदुंबर, सांगली, हरिपूर करत नरसोबाच्या वाडीकडे जाते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे या एका नदीने बांधलेले आहेत. आज सुट्टीचे दोन-चार दिवस काढून लोक इकडे येतात, किल्ला पाहतात, घाटावर बसतात, पेढे आणि भडंग घेऊन परततात. असा निवांत प्रवास इथे फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत माणूस या खोऱ्यात यायचा तो देवासाठी, दरबारासाठी किंवा बाजारासाठी. हवापालटासाठी येण्याची चाल इंग्रजी अमलात पडली. इथले खाणे या साऱ्या येण्याजाण्यातून घडले. म्हणून इथला पदार्थ समजून घेताना तो कोणी, कुणासाठी केला आणि तो किती दिवस टिकायला हवा होता, हे पाहावे लागते.

यात्रेचा प्रवास सर्वांत जुना. क्षेत्र महाबळेश्वर, वाई, माहुली, औदुंबर, हरिपूर ही सगळी नदीकाठची तीर्थे. वाईचे घाट आणि देवळे मुख्यतः पेशवाईतली; ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथली मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयात हाती आलेली, पोर्तुगीज चर्चमधली. वाईतला कृष्णामाईचा उत्सव अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून सुरू झाला, अशी परंपरा आहे. हिवाळ्याच्या अखेरीस एकेका घाटावर पाळीपाळीने देवी बसते आणि त्या त्या घाटावर गावजेवणाच्या पंगती उठतात. विकत मिळणाऱ्या पदार्थांच्या किती तरी आधी या खोऱ्यातला परगावचा माणूस असा पंगतीतच जेवत असे. देवस्थानाचा प्रसाद, ब्राह्मणवाड्यातले यजमान किंवा घरून बांधून आणलेली भाकरी-चटणी यांवर यात्रा पार पडे.

दरबाराचा प्रवास साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातली मानली जाते. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७३ मध्ये घेतला. औरंगजेबाने १६९९ च्या डिसेंबरात त्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूने तो चार महिन्यांहून अधिक काळ लढवला आणि सुरुंगाच्या स्फोटाने उडालेला तट मोगलांच्याच सैन्यावर कोसळला. १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला, पण ताराबाईंच्या कारकिर्दीत मराठ्यांनी तो परत मिळवला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगरी वसू लागली. राज्याचा कारभार पुढे पुण्यात गेला, तरी पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. त्यामुळे वकील, सरदार, सावकार आणि त्यांचा लवाजमा यांची ये-जा शहरात सतत असे.

शहराजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर याच काळातली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली; काम १७१९ ते १७२४ या काळात झाले. वरून पाहिले तर ती अष्टकोनी आणि शिवलिंगाच्या आकाराची दिसते. जिना उतरून आत गेले की मोटांच्या धावेखाली दगडात बांधलेला छोटा महालच लागतो. बैल वर मोट ओढत असताना खाली बसायला थंड दालन असावे, असा विचार करून केलेले हे बांधकाम आहे. साताऱ्याला आलेल्याने राजवाड्यापेक्षाही आधी पाहावे, असे हे ठिकाण.

१८१८ नंतर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि जेम्स ग्रँट डफ याला रेसिडेंट नेमले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हाच तो ग्रँट डफ. त्याच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला मिळालेली, शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखे २०२४ च्या जुलैत उसनवार परत आली, तेव्हा ती प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयातच मांडली गेली. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत केले गेले आणि १८४८ मध्ये संस्थान खालसा झाले. राजधानी गेली, पेठा राहिल्या. राजवाड्यासमोरचे मैदान आज संध्याकाळी चौपाटी होते. भेळ, पावभाजी आणि कुल्फीच्या गाड्यांभोवती सारे शहर तिथे जमते.

पेठेने जपलेला पदार्थ म्हणजे कंदी पेढा. मथुरेच्या किंवा धारवाडच्या पेढ्याशी त्याची तुलना होते, पण त्याची चव वेगळी आहे. म्हशीच्या दुधाचा खवा कढईत मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचा, मग त्यात बेताची साखर आणि वेलची घालायची, गोळे वळायचे आणि तळहाताने थोडे चपटे करायचे. कौशल्य सगळे भाजण्यात आहे. आच वाढली तर खवा खाली लागतो आणि कडसर होतो, कमी पडली तर पाणी राहते आणि पेढा दोन दिवसांत आंबतो. नीट भाजलेला पेढा जरासा रवाळ लागतो, त्याला खमंग वास येतो आणि तो बिनफ्रिजचा काही दिवस टिकतो. प्रवासात सोबत नेता येण्याचा हा गुणच त्याला साताऱ्याबाहेर घेऊन गेला. मोदी, लाटकर अशा पेढेवाल्यांची नावे पुणे-मुंबईच्या घरांतही ओळखीची झाली. पुढे पुणे-बंगळूर रस्त्यावर मोटारी आणि एसटी धावू लागल्यावर साताऱ्याच्या थांब्याला पेढ्याचा पुडा घेणे हा रिवाजच पडला.

महाबळेश्वरचा इतिहास मात्र निराळा आहे आणि तो तपशिलात पाहण्याजोगा आहे. क्षेत्र महाबळेश्वर हे पंचगंगेचे आणि शंकराचे जुने तीर्थ. शेजारचा माळ मात्र ओसाड होता. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी या माथ्यावर चढून आला आणि तिथल्या हवेची वार्ता खाली पोहोचली. रेसिडेंट ब्रिग्जच्या सूचनेवरून प्रतापसिंहांनी साताऱ्याहून वर रस्ता करून दिला. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने इथे आरोग्यस्थान वसवायचे ठरवले आणि १८२९ च्या तहाने, खंडाळा गावाच्या बदल्यात, ही जागा इंग्रजांकडे गेली. बाजाराला माल्कम पेठ हे नाव मिळाले. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळा इथे जाऊ लागला. वेण्णा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये पाण्याच्या सोयीसाठी बांधला. नौकाविहार त्यात पुष्कळ नंतर आला.

साहेबाच्या टेबलावर लागणारी भाजी डोंगरावर पिकवली ती मुख्यतः कैद्यांनी. १८३० च्या दशकात इथे तुरुंग उभारून त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. त्यांच्याकडून रस्त्यांची आणि बागांची कामे करून घेतली जात. बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड या डोंगरात रुजली ती त्यांच्या हातांनी. मायदेशापासून हजारो कोसांवर, बेड्यांत राहून त्यांनी ही शेती उभी केली. महाबळेश्वरच्या पॉइंटांना गव्हर्नरांची आणि त्यांच्या मुलीबाळींची नावे आहेत. या कैद्यांची आठवण चायनामन्स फॉल या धबधब्याच्या नावात आहे, पण त्यांच्यापैकी कोणाचे स्वतःचे नाव लोकांना ठाऊक नाही, आणि ही उणीव खरोखर खटकणारी आहे.

स्ट्रॉबेरीही इंग्रजांनीच आणली, पण तिचे मोठे पीक केले ते इथल्या शेतकऱ्यांनी. पावसाळा ओसरताना गादीवाफ्यांवर रोपे लावायची, खाली आच्छादन घालायचे आणि हिवाळाभर एक दिवसाआड तोडणी करायची. फळ इतके नाजूक की ऊन चढायच्या आत ते पेटीत भरावे लागते. १९५९ मध्ये पाचगणीत मॅप्रोची सुरुवात झाली आणि न खपलेल्या, दबलेल्या फळाला जॅम व सरबताची वाट मिळाली. स्ट्रॉबेरी विथ क्रीम हा इथल्या प्रवाशांचा आवडता पदार्थ त्यानंतरचा. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. पाचगणीजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गावही झाले; तिथे घरांच्या ओसरीत आणि देवळांत पुस्तके वाचायला ठेवलेली असतात. मधाचा धंदा मात्र डोंगरातल्या माणसांचा स्वतःचा. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर मध मिळतो आणि काही वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीच्या हंगामात त्याची चव पालटते. २०२२ मध्ये मांघर हे देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

साताऱ्याहून दक्षिणेला निघाले की डोंगर मागे पडतो आणि काळी जमीन सुरू होते. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यातल्या ढाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर हा महामार्गाने मोठा केलेला पदार्थ: कांदा-लसणाच्या मसाल्यात शिजवलेला न भरडलेला मसूर, सोबत गरम रोटी आणि चिरलेला कांदा. तो शेतकऱ्याच्या घरचाच. ट्रकवाल्यांनी आणि रात्रीच्या प्रवाशांनी त्याला नाव मिळवून दिले. याच पट्ट्यात नदीच्या मळीत येणारी कृष्णाकाठची वांगी पिकतात. पूर ओसरल्यावर काठावर जो गाळ राहतो त्यात वाढलेले हे काटेरी वांगे कोवळे, कमी बियांचे असते. दाण्याचा कूट भरून केलेली त्याची भाजी जोंधळ्याच्या भाकरीबरोबर खावी.

सांगली हे बाजाराच्या प्रवासातून मोठे झालेले शहर. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन काकांशी बिनसल्याने मिरजेतून बाहेर पडले आणि सांगलीला त्यांनी आपले ठाणे केले. गणेशदुर्ग, गणपतीचे देऊळ आणि त्याभोवतीची पेठ ही त्यांची निर्मिती. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी याच चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा प्रयोग केला. ती तारीख आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळली जाते. संस्थानिकाने पेठ आणि रंगमंच दोन्ही सांभाळले, आणि सांगली हळदीसाठी आणि नाटकासाठी सारखीच ओळखली जाऊ लागली.

हळदीचा व्यापार समजून घ्यायचा तर शहरालगतच्या हरिपूरला जावे लागते. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे हे जन्मगाव. इथल्या मातीत हळदीची पेवे खणली जात. पेव म्हणजे माणसाच्या उंचीच्या कित्येक पट खोल, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद असा खड्डा. आतून कडबा आणि पाचटाचा थर लावून हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे रंग न सोडता राहते. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. कोंडलेल्या हवेत जीव जाण्याचा धोका असे, म्हणून ते काही काळ उघडे ठेवून मगच हमाल उतरत. भाव पडले की माल जमिनीत राही, चढले की बाहेर निघे. सांगलीचा व्यापारी देशभराच्या हळदीच्या भावावर प्रभाव ठेवू शकला तो या साठवणीच्या जोरावर. २००५ च्या महापुरात ही पेवे पाण्याखाली गेली आणि फार मोठे नुकसान झाले. त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिची ख्याती ज्या खड्ड्यांनी घडवली ते आता नावापुरते उरले आहेत. त्यांतले एखादे तरी नीट राखून लोकांना दाखवायला हवे.

तासगावकडे द्राक्ष आणि बेदाणा हे हळदीपेक्षा पुष्कळ अलीकडचे पीक. सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांवर वाळवलेला हिरवट बेदाणा तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांत विकला जातो. त्यालाही २०१६ मध्ये मानांकन मिळाले. तासगावच्या गणपतीला दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपूर आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी कर्नाटकच्या मोहिमांत पाहिलेली ही शैली घरी आणली. भाद्रपदात ऋषिपंचमीला तिथला रथ दोर लावून माणसे ओढतात.

मिरजेत वेगळाच कारखाना चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिकलगार कारागिरांनी इथे तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. त्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरकडच्या शेतांतून येतात. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात गवई तिथे हजेरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले.

सांगलीकडून नरसोबाच्या वाडीला जाणारा भाविक कोल्हापूर जिल्ह्यात शिरतो, पण खाण्याच्या हिशेबात हा एकच मुलूख आहे. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. त्याच वाटेवर जयसिंगपूर आणि सांगलीची भडंग मिळते. तिच्यासाठी लांबट, कुरकुरीत चिरमुरे लागतात. तेलात शेंगदाणे आणि भरपूर ठेचलेला लसूण तांबूस करायचा, तिखट-मीठ आणि थोडी साखर घालायची, मग चिरमुरे टाकून मंद आचेवर हलवत राहायचे. लसूण कच्चा राहिला की भडंग नरम पडते. नीट परतलेली भडंग डब्यात आठवडे टिकते. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन झाल्यावर गाडीत बसून खायला आणि मुंबईतल्या मुलाला पाठवायला हा पदार्थ सोयीचा ठरला. आज सांगलीच्या एसटी स्थानकाबाहेर तिच्या पिशव्या टांगलेल्या असतात आणि परदेशी जाणाऱ्यांच्या सामानातही ती हमखास सापडते.